चार उत्पादनं, एकच नियम: रिक्वायरमेंट कुठं लिहायची आणि रिग्रेशन कसं निवडायचं?

मोंढानाका (छत्रपती संभाजीनगर), सोमवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. मांडणी अशी आहे: अडत दुकानाचं बिलिंग, डाळ मिल, जिनिंग आणि कृषी सेवा केंद्र अशी चार सॉफ्टवेअर उत्पादनं, चाचणी करणारा गट मात्र एकच. पहिल्या तिन्हींत वजनकाट्याचा एकच मॉड्यूल आहे. कर, राउंडिंग, बिल क्रमांक, खातेदाराचं नाव शोधणं हे चारही ठिकाणी लागतं, पण लिहिलेलं आहे चार वेगवेगळ्या एक्सेल फायलींत. नियम बदलला की चारही फायली उघडाव्या लागतात, आणि एखादी राहून जाते.

टेस्ट केस सगळ्या मिळून १,४०० च्या घरात, बहुतेक हाताने चालवायच्या. दोघे जण बसले तरी पूर्ण फेरीला ९ दिवस लागतात आणि रिलीज दर १५ दिवसांनी असतो. महागडं टूल घेता येणार नाही. एक्सेल, गिट (फायलींतले बदल नोंदवणारं साधन) आणि साधा इश्यू ट्रॅकर (चुकांची नोंदवही), एवढंच हाताशी आहे.

प्रश्न दोन आहेत. सामाईक नियम, म्हणजे रिक्वायरमेंट (सॉफ्टवेअरनं काय करायचं हे सांगणारी ओळ), एकदाच लिहायचा तर नेमका कसा? आणि बदल झाल्यावर जुनं काही बिघडलं नाही ना हे बघायला (म्हणजे रिग्रेशन) १,४०० पैकी कोणत्या चालवायच्या, हे अंदाजानं न ठरवता कशावरून ठरवायचं?

---

गोदाकाठ (नांदेड), सोमवार, सकाळी ११:०५

चार फायली मोडून एक करा, पण तिच्यात "उत्पादन" या नावाचे चार भाग पाडू नका. भाग विषयाचे पाडा: कर, वजन, राउंडिंग, पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा हिशोब), खातं, छपाई. उत्पादन हा फक्त एक रकाना. फाईल उत्पादनानुसार फोडली की तोच नियम चार ठिकाणी उगवणारच.

प्रत्येक ओळीला कायमचा क्रमांक द्या, उदाहरणार्थ राउंड-००७. क्रमांकात उत्पादनाचं नाव नको, कारण आज फक्त अडतीत असलेला नियम उद्या जिनिंगला लागतो आणि मग क्रमांकच खोटा ठरतो. नियम रद्द झाला तरी क्रमांक पुन्हा वापरायचा नाही. ओळ तशीच ठेवून "रद्द" लिहायचं.

रकाने मला पुरतात ते असे: क्रमांक, नियम एका वाक्यात, आकड्यांसह एक उदाहरण, कुठून आला (कायदा, बाजार समितीचा ठराव, ग्राहकाची मागणी), लागू दिनांक, कोणत्या उत्पादनांना लागू, फरक, आवृत्ती. यातला उदाहरणाचा रकाना रिकामा असेल तर ती रिक्वायरमेंट मंजूर करायची नाही. "रक्कम योग्य रीतीने राउंड करावी" हे वाक्य चार डेव्हलपर चार प्रकारे वाचतील. "सोयाबीन ४२.३५ क्विंटल, भाव ४,३५०, रक्कम १,८४,२२२.५०, पट्टीवर १,८४,२२३" हे एकाच प्रकारे वाचलं जातं.

फाईल एक्सेलमध्येच ठेवली तर दोन आवृत्त्यांतला फरक गिटमध्ये दिसत नाही. सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाईल) ठेवा, यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली हे मग सरळ दिसतं. एक्सेलमधून उघडायची असेल तर बीओएम (फाईलच्या सुरुवातीची खूण) असलेली यूटीएफ-८ लागते, नाहीतर मराठी अक्षरांचा चुराडा होतो.

---

लातूरलाइन (लातूर), सोमवार, दुपारी १२:४०

गोदाकाठ यांनी दिलेला १,८४,२२२.५० हा आकडा उत्तम आहे, कारण तो नेमका अर्ध्या रुपयावर पडतो. त्याचं पुढं काय होतं ते बघा.

सी शार्पमधलं मॅथ राउंड काहीच सांगितलं नाही तर जवळच्या सम आकड्याकडं जातं, म्हणजे १,८४,२२२ देतं. पायथन ३ चं राउंडही तसंच. जावास्क्रिप्टचं मॅथ राउंड वर जातं, १,८४,२२३. एसक्यूएल सर्व्हरचं राउंड शून्यापासून दूर जातं, म्हणजे तिथंही १,८४,२२३. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तर रकान्याचा प्रकार न्यूमेरिक असला की शून्यापासून दूर, आणि डबल प्रिसिजन असला की बहुतेक मशीनवर सम आकड्याकडं. म्हणजे एकाच डेटाबेसमध्ये दोन उत्तरं.

खरा घोळ माल परत आला की होतो. जावास्क्रिप्टचं मॅथ राउंड अर्ध्यावर नेहमी धन बाजूला सरकतं. त्यामुळं बिल १,८४,२२३ चं आणि त्याच मालाची परतीची नोंद वजा १,८४,२२२ ची. खातं शून्य व्हायला पाहिजे, एक रुपया शिल्लक राहतो. वर्षअखेरीला ताळेबंद जुळवताना हाच रुपया शोधत बसावं लागतं.

म्हणून राउंड-००७ ला चार टेस्ट केस तरी हव्यात: अर्ध्यावर सम बाजूचा आकडा, अर्ध्यावर विषम बाजूचा आकडा, त्या दोन्हींच्या वजा रकमा. आणि वजन व भाव फ्लोटमध्ये (दशांश आकडा बायनरीत अंदाजे साठवणारा प्रकार) ठेवलेत का हे आधी बघा. ४२.३५ हा आकडा बायनरी फ्लोटमध्ये अचूक बसत नाही, त्यामुळं गुणाकार अर्ध्याच्या किंचित अलीकडं किंवा पलीकडं पडू शकतो आणि टेस्ट एका मशीनवर पास, दुसऱ्यावर नापास होते. डेसिमलच (दशांश अचूक साठवणारा प्रकार) वापरायचं, यात तडजोड नको.

---

गोदाकाठ, सोमवार, दुपारी १:१५

बरोबर. यात एक भर. कुठल्या टप्प्यावर राउंड करायचं हे नियमातच लिहा. सीजीएसटी कायद्याचं कलम १७० सांगतं की कराची रक्कम जवळच्या रुपयाला न्यायची, ५० पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया. पण पट्टीतल्या मालाच्या किमतीबद्दल ते काही सांगत नाही. तिथं दुकानाची पद्धत चालते. म्हणजे हे दोन वेगळे नियम आहेत, त्यांना दोन क्रमांक द्या.

बिलाच्या ओळीवर पैसे ठेवायचे असतील तर आणखी एक जागा आहे. करपात्र रक्कम १,२३४.२० आणि दर ५ टक्के धरा. एकूण कर ६१.७१. त्याचे केंद्राचा (सीजीएसटी) आणि राज्याचा (एसजीएसटी) असे दोन भाग केले की प्रत्येकी ३०.८५५, दोन्ही वर नेले तर ३०.८६ आणि ३०.८६, बेरीज ६१.७२. एक पैसा वाढला. आधी २.५ टक्क्यांनी सीजीएसटी काढायचा, तोच आकडा एसजीएसटीला द्यायचा आणि एकूण कर म्हणजे त्यांची बेरीज, असा क्रम नियमात लिहून ठेवला की वाद मिटतो.

---

मोंढानाका, सोमवार, दुपारी ३:३०

हे पटलं. पण "फरक" रकान्यात नेमकं काय लिहायचं? हमाली, तोलाई, अडतीचे दर प्रत्येक बाजार समितीत वेगळे. प्रत्येकासाठी वेगळी ओळ केली तर फाईल पुन्हा फुगणार.

---

गोदाकाठ, सोमवार, दुपारी ४:१०

दर हा फरक नाही, दर ही माहिती आहे. रिक्वायरमेंट अशी: "हमाली प्रति कट्टा, दर तक्त्यातून, बिलाच्या दिनांकाला लागू असलेला." दर तक्ता वेगळा, त्यात बाजार समिती, शेतमाल, दर, कधीपासून, कधीपर्यंत. लातूरचा दर बदलला तर रिक्वायरमेंटला हात लागत नाही, तक्त्यात एक ओळ वाढते आणि फक्त तक्ता तपासायच्या टेस्ट चालतात.

फरक तेव्हाच लिहायचा, जेव्हा वागणूकच वेगळी असते. अडतीत हमाली कट्ट्यावर आणि जिनिंगमध्ये क्विंटलवर मोजत असतील, तर तो फरक.

दिनांकाचा मुद्दा कृषी सेवा केंद्राच्या उदाहरणानं स्पष्ट होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, ठिबक संचाचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कोडमध्ये १२ च्या जागी ५ घातला तर आजचं बिल बरोबर येईल, पण २० सप्टेंबरच्या बिलावरचा माल परत आला की क्रेडिट नोट ५ टक्क्यांनी निघेल. ती मूळ बिलाच्या दरानंच निघायला पाहिजे. म्हणून दिनांकाच्या प्रत्येक नियमाला या तीन केस ठेवा: आदल्या दिवशीचं बिल, त्या दिवशीचं बिल, आणि आदल्या दिवशीच्या बिलाची नंतर आलेली परत. जुनं बिल पुन्हा छापून बघणं ही चौथी.

---

पांढरंसोनं (परभणी), सोमवार, सायंकाळी ६:२०

एकत्र करताना एक गोष्ट सांभाळा. नाव सारखं आहे म्हणून नियम सारखा असतोच असं नाही. "खरेदीवरचा कर" ही ओळ तिन्ही उत्पादनांत दिसते म्हणून एक केली की फसगत होते.

नोंदणीकृत जिनिंगवाल्यानं शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला तर कर रिव्हर्स चार्जनं जिनिंगवाल्यानंच भरायचा असतो, १५ नोव्हेंबर २०१७ पासून. तोच कापूस नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घेतला तर नेहमीसारखा बिलावर कर. म्हणजे निकाल विक्रेत्याच्या प्रकारावर ठरतो. टेस्ट डेटात दोन्ही प्रकारचे विक्रेते पाहिजेत, आणि खात्याचा प्रकार शेतकरी वरून व्यापारी असा बदलला तर जुन्या खरेद्या तशाच राहतात का हेही बघायचं.

डाळ मिलची गोष्ट निराळी. तिथं विक्रीचा निकाल पाकिटावर ठरतो. १८ जुलै २०२२ पासून पाकिटबंद आणि लेबल लावलेली डाळ २५ किलोपर्यंत असेल तर ५ टक्के. "पर्यंत" म्हणजे २५ धरून. मग २४.९, २५ आणि २५.१ या तीन केस आल्याच. चौथी बहुतेकांकडून सुटते: १० किलोची किरकोळ विक्रीची १० पाकिटं एका मोठ्या गोणीत भरली तर गोणी १०० किलोची असली तरी आतलं पाकीट मोजायचं, कर लागतो. सॉफ्टवेअर गोणीचं वजन बघत असेल तर चुकणार.

हे दोन नियम एका ओळीत "फरक" म्हणून कोंबण्यापेक्षा दोन स्वतंत्र ओळी बऱ्या. माझी कसोटी अशी: फरकाचं वाक्य मूळ नियमाच्या वाक्यापेक्षा लांब व्हायला लागलं की तो वेगळा नियम समजायचा.

---

चिकलठाणारात्रपाळी (छत्रपती संभाजीनगर), सोमवार, रात्री ९:४५

दुसऱ्या प्रश्नाकडं वळतो, रिग्रेशन निवडायचं कसं.

निवडीसाठी दोन जोड्या लागतात. कोडची कोणती फोल्डरं कोणत्या मॉड्यूलची ही पहिली, आणि कोणत्या मॉड्यूलवर कोणते नियम उभे आहेत ही दुसरी. टेस्टवर नियमाचा क्रमांक टॅग म्हणून असतोच. मग साखळी सरळ जुळते: बदललेल्या फायली, त्यावरून मॉड्यूल, त्यावरून नियम, त्यावरून टेस्ट. गिटमध्ये मागच्या रिलीजपासून बदललेल्या फायलींची यादी एका आज्ञेत मिळते. पुढचं काम करायला पन्नासेक ओळींची स्क्रिप्ट पुरते. पायटेस्ट (पायथनचं चाचणीचं साधन) वापरत असाल तर मार्कर याच कामाचे आहेत. हाताने चालवायच्या केसना शीटमध्ये तोच टॅग द्या, म्हणजे स्क्रिप्ट त्यांचीही यादी काढून देईल.

पहिली जोडी कोणी करायची यावर गाडी अडते. ती डेव्हलपरनं करायची, आणि गिटमध्येच ठेवायची. नवीन फोल्डर आलं आणि जोडीत त्याचं नाव नसेल तर बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार करणं) नापास झालं पाहिजे. ही अट नसेल तर महिन्याभरात तक्ता शिळा होतो आणि निवड चुकायला लागते, तेही कोणाच्या लक्षात न येता.

फेऱ्या तीन ठेवा. प्रत्येक बिल्डला अर्ध्या तासाच्या आत संपणारी धावती फेरी: चारही उत्पादनं उघडतात, एक बिल होतं, छापलं जातं, रद्द होतं. मग बदलाशी जोडलेली फेरी, वर सांगितलेल्या साखळीतून आलेली. आणि पूर्ण फेरी: तिमाहीला एकदा, शिवाय डेटाबेस, फ्रेमवर्क किंवा प्रिंटिंग लायब्ररी बदलली तर, कारण त्यांचा परिणाम साखळीत दिसत नाही. १ एप्रिलच्या आधीची पूर्ण फेरी कधीच टाळू नका. आर्थिक वर्ष बदललं की बिल क्रमांक, सुरुवातीच्या शिल्लकी आणि दर तक्ते एकाच रात्री बदलतात.

---

लातूरलाइन, मंगळवार, सकाळी ९:२०

याला जोडून सांगतो. १,४०० पैकी हिशोबाच्या ज्या केस आहेत, त्या स्क्रीनवरून चालवूच नका. एकच सीएसव्ही करा: नियम क्रमांक, वजन, भाव, दर, दिनांक, विक्रेत्याचा प्रकार, अपेक्षित उत्तर. चारही उत्पादनांसाठी छोटासा अडॅप्टर लिहा, जो ही ओळ घेतो, त्या उत्पादनाचं हिशोबाचं फंक्शन बोलावतो आणि उत्तर देतो. उत्तरपत्रिका एक, परीक्षार्थी चार. स्क्रीनवरून पट्टी भरायला पाच-सहा मिनिटं जातात, इथं शेकडो ओळी काही सेकंदांत होतात. स्क्रीनवर मग फक्त स्क्रीनचं काम उरतं: एंटर दाबल्यावर कर्सर योग्य खान्यात जातो का, कट्ट्यांची संख्या शून्य टाकली तर अडवतं का.

आणि नियम एखाद्या उत्पादनाला लागू नसेल तर अडॅप्टरनं "लागू नाही" असं स्पष्ट सांगायचं. नुसतं वगळायचं नाही. "लागू नाही" ची यादी रिक्वायरमेंट फाईलमधल्या "कोणत्या उत्पादनांना लागू" या रकान्याशी आपोआप ताडून बघा. दोन्ही जुळत नसतील तर एकतर फाईल चुकली आहे किंवा कोड.

---

डेस्कधाराशिव (धाराशिव), मंगळवार, सकाळी १०:५०

उत्तरपत्रिकेची कल्पना चांगली आहे, पण तिच्यात एक मोठा धोका आहे, तो बोलून दाखवतो. टेस्ट नापास झाली की प्रोग्रॅमचंच उत्तर उचलून "अपेक्षित" रकान्यात टाकायची सवय लागते. मग सगळं हिरवं दिसतं आणि चूकच प्रमाण होते. अपेक्षित उत्तर हिशोबनीसानं कागदावर काढलेलं पाहिजे आणि त्या रकान्यातला बदल दुसऱ्या माणसानं बघितल्याशिवाय गिटमध्ये जाता कामा नये. आमच्या भागात मोंढ्यातले मुनीम हे काम कुठल्याही इंजिनिअरपेक्षा बिनचूक करतात. त्यांना ओळी देऊन उत्तरं लिहून घ्या.

छपाईबद्दल. बिलाच्या पीडीएफची जुन्या पीडीएफशी तुलना करता येते, पण आधी छापल्याची वेळ, बिल क्रमांक आणि क्यूआर कोड झाकावा लागतो, नाहीतर रोज फरक दाखवेल.

जिल्ह्यांच्या नावांची केस प्रत्येकानं ठेवावीच. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. खात्यात जिल्ह्याचं नाव मजकूर म्हणून साठवलं असेल तर एकाच जिल्ह्याचे दोन गट अहवालात दिसतात. जिल्हा कोडनं साठवायचा, नाव तक्त्यातून, तेही लागू दिनांकासह. जुनं बिल पुन्हा छापलं तर त्यावर तेव्हाचंच नाव आलं पाहिजे. शिवाय "छत्रपती संभाजीनगर" हे "औरंगाबाद" पेक्षा बरंच लांब आहे. ८० स्तंभांच्या डॉट मॅट्रिक्स बिलावर पत्त्याची ओळ दुमडते, खालचं सगळं एका ओळीनं सरकतं आणि एकूण रक्कम छापील चौकटीच्या बाहेर जाते. लांब नावाची ही केस छपाईच्या रिग्रेशनमध्ये कायम राहू द्या.

---

शोधयंत्र (जालना), मंगळवार, दुपारी १२:१५

नाव शोधण्याचा नियम चारही उत्पादनांत सामाईक आहे म्हणता, तर त्याची टेस्ट इंग्रजी नावांवर करून भागणार नाही.

"कऱ्हाळे" हे आडनाव घ्या. त्यातला ऱ एका कीबोर्डवरून एकच अक्षर म्हणून येतो, युनिकोड क्रमांक यू+०९३१. दुसऱ्यावरून र आणि त्याला नुक्ता, म्हणजे यू+०९३० आणि यू+०९३सी, अशी दोन अक्षरं येतात. दिसायला तंतोतंत सारखं, पण शोधलं तर सापडत नाही, आणि एकाच शेतकऱ्याची दोन खाती उघडली जातात. साठवताना आणि शोधताना एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एका रूपात आणणं) लावलं की हा प्रश्न सुटतो.

"ॲग्रो" चा प्रश्न मात्र त्यानं सुटत नाही. ॲ हे यू+०९७२ असं एक अक्षर आहे. जुन्या कीबोर्डवर तेच अ आणि चंद्र अशा दोन अक्षरांनी लिहितात. या दोन रूपांना युनिकोड समान मानत नाही, त्यामुळं नॉर्मलायझेशन करूनही ती वेगळीच राहतात. इथं स्वतःच बदलाचा नियम लिहावा लागतो. कृषी सेवा केंद्रांच्या निम्म्या पाट्यांवर ॲग्रो असतंच, त्यामुळं ही केस कोपऱ्यातली समजू नका.

जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला डेटा आयात करत असाल तर आयातीनंतर जोडाक्षरं, रफार आणि ऱ्ह असलेली नावं वेगळी काढून डोळ्यांनी तपासा. रूपांतर तिथंच घसरतं.

---

काटा९६०० (छत्रपती संभाजीनगर), मंगळवार, दुपारी २:००

वजनकाट्याचा मॉड्यूल तीन उत्पादनांत आहे म्हणजे तुमचा सगळ्यात जोखमीचा भाग तोच. प्रत्येक वेळी काट्यावर जाऊन चाचणी जमणार नाही, त्यामुळं आभासी सीरियल पोर्टची जोडी बनवा. विंडोजवर कॉमझिरोकॉम त्यासाठी चालतं. एका टोकाला तुमचं सॉफ्टवेअर, दुसऱ्या टोकाला इंडिकेटरची (काट्याचं वजन दाखवून पाठवणाऱ्या यंत्राची) नक्कल करणारी स्क्रिप्ट.

नक्कल फार शहाणी नको. खरा इंडिकेटर सारखा आकडे पाठवत राहतो, ट्रक थरथरत असताना अस्थिर वजन येतं, कधी वाक्य अर्धंच येतं. स्क्रिप्टनं हे सगळं केलं पाहिजे. काही इंडिकेटर ९६०० वेग, ८ बिट, पॅरिटी नाही असे असतात, काही २४०० वेग, ७ बिट, सम पॅरिटी. जुळणी चुकली तर कचरा अक्षरं येतात. तेव्हा सॉफ्टवेअरनं शून्य वजन घेऊन पुढं जायचं नाही, अडायचं. हा नियम लिहून त्याला क्रमांक द्या, तो बहुतेक कुठंच लिहिलेला नसतो.

भरलेल्या आणि रिकाम्या वजनाच्या मधल्या वेळात काय काय होऊ शकतं यावर निवांत बसून विचार करा. लाईट जाते. मध्यरात्र उलटते आणि दिनांक बदलतो. त्याच क्रमांकाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन येतो. रिकामं वजन भरलेल्यापेक्षा जास्त निघतं, कारण ड्रायव्हर आणि दोन माणसं काट्यावरच उभी आहेत. प्रत्येकाला एक केस. लाईट जाण्याची केस खरोखर प्रक्रिया मारून करा, व्यवस्थित बंद करून नाही.

---

मोंढानाका, मंगळवार, दुपारी ४:४५

सगळ्यांचे आभार, यातलं बरंचसं लगेच करता येण्यासारखं आहे. एक शंका राहिली. खरेदीदार तीन प्रकारचे (राज्यातला नोंदणीकृत, राज्याबाहेरचा, नोंदणी नसलेला), प्रिंटर तीन (डॉट मॅट्रिक्स, थर्मल, लेझर), भाषा दोन, नेट आहे किंवा नाही. सगळ्या जोड्या ३६. चार उत्पादनांना मिळून १४४. एवढ्या चालवायच्या का?

---

चिकलठाणारात्रपाळी, मंगळवार, सायंकाळी ५:३०

नको. जोड्यांची चाचणी करा. कोणत्याही दोन घटकांची प्रत्येक जोडी एकदा तरी आली पाहिजे, एवढीच अट ठेवली तर ३६ च्या ९ होतात. मायक्रोसॉफ्टचं पिक्ट हे फुकट टूल ती यादी काढून देतं, आणि अशक्य जोड्या वगळायची अटही त्यात लिहिता येते. चार उत्पादनांच्या ३६ झाल्या, त्यातल्याही छपाईच्या केस एकाच सामाईक लायब्ररीच्या असतील तर एका उत्पादनावर पुरतात.

पण सीमा या यादीत शोधू नका, त्या वेगळ्या लिहा. उदगीरचा माल बिदरला, म्हणजे कर्नाटकात, गेला तर कर आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीचा) आणि ई-वे बिलाची (मालवाहतुकीच्या ऑनलाइन कागदाची) मर्यादा ५० हजार. तोच माल नांदेडला गेला तर सीजीएसटी-एसजीएसटी आणि महाराष्ट्रात मर्यादा १ लाख. मर्यादा "पेक्षा जास्त" अशी आहे, म्हणून नेमक्या ५०,००० च्या मालाला लागत नाही, ५०,००१ ला लागतं. एकाच बिलात करमुक्त मालही असेल तर त्याची किंमत या मोजणीतून वगळायची. ही शेवटची केस कृषी सेवा केंद्रात नक्की येते, करमुक्त बियाणं आणि करपात्र औषध एकाच बिलावर असतं.

---

डेस्कधाराशिव, मंगळवार, सायंकाळी ६:१०

रोज कधी पास, कधी नापास होणाऱ्या टेस्टबद्दल कोणी बोललं नाही. तिला त्याच दिवशी वेगळ्या यादीत काढा, तिच्यासमोर नियमाचा क्रमांक आणि दुरुस्तीचा दिनांक लिहा. दोन आठवड्यांत दुरुस्त झाली नाही तर तो नियम "चाचणी नसलेला" म्हणून रिलीजच्या कागदावर दिसला पाहिजे. नुसतं पुन्हा चालवून हिरवं करत राहिलं की माणसं लाल रंगाकडं बघणंच सोडून देतात.

आणि नियमाची आवृत्ती बदलली की त्याला जोडलेल्या सगळ्या टेस्टवर "शंकास्पद" अशी खूण आपोआप लागली पाहिजे. रिक्वायरमेंट सांभाळणाऱ्या डोअर्ससारख्या मोठ्या टूलमध्ये ही सोय तयार मिळते. तुमच्या सीएसव्हीत टेस्टच्या ओळीत "कोणत्या आवृत्तीवर तपासली" हा एक रकाना वाढवा, स्क्रिप्ट दोन आकडे ताडून बघेल. एवढ्यात भागतं.

---

मोंढानाका, बुधवार, सकाळी १०:००

सुरुवात सामाईक नियमांपासून करतोय. पहिल्या आठवड्यात एवढेच: पट्टीच्या किमतीचं राउंडिंग, कराचं राउंडिंग, सीजीएसटी-एसजीएसटीचा क्रम, दर तक्त्याचा लागू दिनांक, परतीचा दर, कापसाचा रिव्हर्स चार्ज, डाळीचं २५ किलो, नाव शोधणं, जिल्ह्याचा कोड, काट्याची चुकीची जुळणी, ई-वे बिलाची मर्यादा. अकरा होतात. उत्पादनांचे बाकीचे खास नियम नंतर. काही सुटलंय का?

---

लातूरलाइन, बुधवार, सकाळी १०:३५

बिल क्रमांक सुटला. जीएसटी बिलाचा क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, त्यात अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच चालतं, आणि आर्थिक वर्षात तो दुबार येता कामा नये. शाखेचं नाव, वर्ष आणि चार अंकी अनुक्रमांक जोडून नेमका १६ अक्षरांचा क्रमांक बनवत असाल तर पहिल्या ९,९९९ बिलांना काही होत नाही, १०,००० व्या बिलाला सतरावं अक्षर येतं. हंगामात मोठ्या अडतीत तो आकडा गाठला जातो. टेस्टमध्ये अनुक्रमांक ९,९९९ वर नेऊन पुढची दोन बिलं करा. आणि भाषा मराठी ठेवून एक बिल करून बघा. स्क्रीनवर देवनागरी अंक दाखवताना तेच अंक क्रमांकात साठवले गेले तर जीएसटीचं पोर्टल ते बिल घेणार नाही.

---

मोंढानाका, बुधवार, सकाळी १०:५०

बारावी ओळ लिहिली: क्रमांक-००१, उदाहरणात ९,९९९ नंतरची दोन बिलं टाकली आहेत.